कोटणीसांचे नाव आणि ॲक्युपंक्चरची सुई

कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला की आमच्या ओपीडीत कंबर धरून येणाऱ्या बायकांची रांग वाढते. दिवसभर वाकून वेचायचे, वर ओझे डोक्यावर घ्यायचे, मग कंबर बोलणारच. केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांचीही हीच तक्रार. गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते, पुन्हा दुखते. मग कोणीतरी हळूच विचारते, की सुया टोचून घेतल्या तर फरक पडेल का?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर देता येते. पण मध्यंतरी एक वडील आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला फिट येतात. गोळ्यांवर दीड वर्ष एकही फिट आली नव्हती. मग घरच्यांनी गोळ्या बंद करून सुयांचा उपचार सुरू केला. तिसऱ्या आठवड्यात मुलगा शेतात विहिरीपासून चार पावलांवर कोसळला. नशीब म्हणून वाचला. गोळ्या का थांबवल्या, असे विचारल्यावर वडिलांनी खिशातून घडी केलेले पत्रक काढले. त्यावर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. एवढा मोठा डॉक्टर ज्या उपचारामागे उभा आहे तो खोटा कसा असेल, असे त्यांना वाटले होते.

कोटणीस कोण होते, हे त्या वडिलांना शाळेतल्या धड्यापुरते आणि चित्रपटापुरते माहीत होते. आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच आहे. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांचे आयुष्य आणि ॲक्युपंक्चरशी जोडले गेलेले त्यांचे नाव, दोन्हींकडे नीट पाहू.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, एका साध्या मध्यमवर्गीय घरात झाला. घरात भावंडे बरीच. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपण ज्याला केईएमचे कॉलेज म्हणतो तिथे झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला, रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे मुखर्जी आणि बसू, आणि सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी मुंबईहून बोट पकडली. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

कँटन, हँकौ, चुंगकिंग असा प्रवास करत पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. वाटेतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याचा मार्ग मोकळा होता, पण ते थांबले. पुढे सहकारी एकेक करून मायदेशी परतले आणि बसू येनानला काम करू लागले. कोटणीस आघाडीजवळच्या डोंगराळ भागात, आठव्या रूट आर्मीच्या जखमी सैनिकांमध्ये राहिले.

तिथले रुग्णालय म्हणजे गावातली मातीची घरे. शत्रू जवळ आला की रुग्णांसकट गाव सोडायचे आणि दुसऱ्या गावात मांडामांड करायची. औषधे कमी, भूल देण्याचे साहित्य कमी, पेनिसिलिन अजून कुठेच मिळत नव्हते. याच भागात नॉर्मन बेथून हे कॅनेडियन सर्जन काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात विष पसरून ते गेले. सर्जनच्या बोटाला झालेली एक जखम जीव घेऊ शकत होती, असा तो काळ होता.

१९४० च्या लढायांत कोटणीसांनी एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवत आणि शस्त्रक्रियेवरचे पुस्तकही लिहू लागले. तिथले लोक त्यांना के दिहुआ या नावाने ओळखत. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

याच काळात कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. वरिष्ठांनी उपचारासाठी सुरक्षित जागी जाण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबै प्रांतातल्या एका खेड्यात, एकापाठोपाठ एक झटके येऊन त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. आज कोटणीसांची समाधी शिजियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. आमच्या पिढीने तो दूरदर्शनवर पाहिला. डॉक्टर व्हायचे वेड अनेकांना तिथूनच लागले, मलाही.

आता सुईकडे येऊ. कोटणीस सर्जन होते. चाकू, टाके, ड्रेसिंग, प्लास्टर ही त्यांची साधने. ॲक्युपंक्चर चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून होते हे खरे, पण त्या काळी चिनी सत्ताधाऱ्यांनीच त्याला मागे टाकले होते. १८२२ मध्ये बादशहाच्या वैद्यकीय संस्थेतून ते वगळले गेले होते. येनानच्या सैनिकी डॉक्टरांनी ते गंभीरपणे हाती घेतले १९४४ नंतर. औषधांचा तुटवडा होता आणि गावोगावचे पारंपरिक वैद्य हाताशी होते. येनानच्या शांतता रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा विभाग सुरू झाला एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांनी.

मग नाव जोडले कसे गेले? त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांच्यामुळे. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला येऊन रुग्णांवर वापरू लागले. भारतात ही पद्धत आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. मित्राच्या स्मृतीसाठी उभारलेल्या कामातून त्यांनी ती पसरवली. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे. बसूंचा हेतू चांगला होता. महागडी औषधे न परवडणाऱ्यांना स्वस्त उपचार मिळावा, ही त्यांची तळमळ. पण फोटो पाहून लोकांचा समज भलताच झाला.

फोटो बाजूला ठेवला, तर पुरावा काय सांगतो?

औषधाची परीक्षा सोपी असते. निम्म्यांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी निव्वळ साखरेची. सुईच्या बाबतीत हे अवघड. म्हणून संशोधकांनी खोटी सुई वापरली. कधी ती पारंपरिक बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचायची, कधी आत न जाता मागे सरकणारी वापरायची. जर्मनीत १,१६२ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर अशी मोठी चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना ठरावीक फरक पडला होता, खोट्याने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामाने २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. सुया घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बरे वाटले, हे खरे. पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली की भलतीकडे, याने जवळपास फरक पडला नाही. म्हणजे शरीरातून वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाहिन्यांची जी कल्पना सांगितली जाते, तिला या चाचणीतून आधार मिळत नाही. पुढे ३९ चाचण्यांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. तिथे खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली, पण अंतर लहान होते. काहीच सुया न घेणाऱ्यांशी तुलना केली तर फरक मोठा दिसला.

याचे कारण काय असावे? टोचण्याने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक रसायने सोडते, याचे काही पुरावे आहेत. त्याखेरीज अर्धा तास शांत पडून राहणे, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणे आणि बरे वाटेल ही अपेक्षा, यांचाही वाटा मोठा आहे. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. सुया टोचणारा अर्धा तास देतो. त्यातून आम्हीही काही शिकण्यासारखे आहे.

म्हणून जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, वारंवार येणारी डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चर जोड म्हणून घेऊन पाहायला हरकत नाही. याबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही. इंग्लंडच्या मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीच्या यादीतून ते काढले आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मर्यादित बैठकांपुरते सुचवले. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, क्षयरोग हे आजार मात्र सुईने बरे होत नाहीत. अपस्माराबाबत कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या तपासल्या. झटके थांबतात असा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही.

सुया घ्यायच्याच असतील तर काही गोष्टी पाळा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालची नोंदणी विचारा. सुई तुमच्यासमोर नवीन पाकिटातून काढलेली असावी, नाहीतर कावीळ ब आणि एचआयव्हीचा धोका असतो. छातीत खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पायात अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे असेल, तर सुयांच्या नादी न लागता थेट दवाखान्यात या. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही दिसतो.

शेवटी पुन्हा कोटणीसांकडे. फिनोबार्बिटोन हे अपस्माराचे औषध १९१२ पासून माहीत होते. दुसरे, फेनिटॉइन, रुग्णांना देणे सुरू झाले १९३८ मध्ये, नेमके कोटणीस मुंबईहून निघाले त्या वर्षी. युद्धाने वेढलेल्या त्या खेड्यात नियमित उपचार घेत शांतपणे राहणे त्यांना शक्य नव्हते. आपल्या मुलांना ते शक्य आहे. या गोळ्या आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि त्या रोज वेळेवर घेतल्या तर दहापैकी सुमारे सात रुग्णांचे झटके पूर्ण थांबू शकतात.

तो मुलगा आता पुन्हा गोळ्यांवर आहे. वडिलांनी ते पत्रक माझ्या टेबलावरच ठेवले. मी त्यांना कोटणीस कशाने गेले ते सांगितले. ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले आणि मग पुढच्या महिन्याची तारीख घेऊन गेले.