अतिक्रमणवाल्यांचे दादासाहेब

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत. यांपैकी कोणत्याही तहसील कचेरीसमोर बाजाराच्या दिवशी तासभर उभे राहा. पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आलेला एक तरी माणूस भेटेलच. दंडाच्या पावत्या, एक-ई नोंदीची नक्कल, कधीकाळच्या पीकपाहणीचा उतारा. आजाने झुडपे तोडून वहितीत आणलेले गायरान बापाने कसले, आता नातू कसतो. पण सातबारावर नाव शासनाचे. सरकारदरबारी हा माणूस शेतकरी नाही, अतिक्रमणधारक आहे. त्या पिशवीचे मूळ शोधत गेलो की आम्ही कर्मवीर दादासाहेब गायकवाडांपाशी पोहोचतो.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच होते. बाबासाहेब मुंबईला, लंडनला; नाशिकात दगड खाणारे, माणसे जमवणारे, तुरुंगात जाणारे दादासाहेब. पाच वर्षे हा लढा चालला. देवळाचे दार उघडले नाही, पण हजारो माणसांची भीती गेली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. नेता आणि कार्यकर्ता यांचे नाते कसे असते हे पाहायचे असेल तर ती वाचावीत. १९३७ ला ते मुंबई विधिमंडळात गेले. वतनाच्या नावाखाली महारांकडून राबवून घ्यायचे आणि वर जुडी वाढवायची, या सरकारी चलाखीविरुद्धच्या लढ्यातही ते आघाडीवर होते.

परंतु मराठवाड्याने त्यांना लक्षात ठेवले ते जमिनीसाठी. आमचा मुलूख तेव्हा निजामी अमलातून नुकताच सुटलेला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य गेले, जमीन मात्र होती त्यांच्याचकडे राहिली. महारवाड्यातला माणूस पाटलाच्या वेठबिगारीला कालही जात होता आणि आजही जात होता. बाबासाहेब हयात असतानाच, १९५३ साली, औरंगाबाद भागात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला. मंदिरप्रवेशाच्या लढ्यातले दादासाहेब इथे नांगर घेऊन उभे राहिले.

इथे आम्हाला थोडे दूर, अमेरिकेत जावेसे वाटते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढून दक्षिणेतल्या किनारपट्टीची जमीन गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत द्यायचे ठरवले. लोकांनी पेरणीही केली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जमीन जुन्या मालकांना परत केली आणि पेरणाऱ्यांना हुसकायला सरकारचेच शिपाई गेले. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी हा इतिहास लिहिला, त्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. वंशभेद असो की जातिभेद, हक्काचे रान नसलेल्या माणसाची मुक्ती मालकाच्या बांधावर येऊन अडते. दादासाहेबांकडे वकिलीची पदवी नव्हती, पण हे त्यांना नेमके कळले होते.

ते कळल्यामुळेच पक्षात भांडण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि वर्ष-दोन वर्षांतच फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट दुरुस्त, दादासाहेबांचा नादुरुस्त! संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टांबरोबर बसतो, भूमिहीनांचे मोर्चे काढतो, म्हणून दादासाहेबांवर लाल शिक्का मारण्यात आला. कायद्याची वाट धरणारे शिकलेले एकीकडे आणि धोतरवाले दुसरीकडे, अशी ती मांडणी होती. कांबळ्यांच्या गटाची भीती सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. कम्युनिस्टांनी जातीचा प्रश्न कितीदा तरी वर्गाच्या पोत्यात कोंबला आहे. पण भूक लागलेल्या माणसाने जमीन मागितली की तो मार्क्सवादी ठरतो, हे गणित कुणाच्या सोयीचे होते?

१९५९ ला एक सत्याग्रह झाला. मोठा झाला तो ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन लागू करा, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बाया लेकरे काखोटीला मारून गेल्या, तुरुंग अपुरे पडले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आश्वासन दिल्यावर १९६५ च्या आरंभी लढा थांबला. तैलचित्र संसदेत लागले १९९० साली. जमिनीचे काय झाले ते पिशवीवाल्यास विचारा.

१९६७ ला दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. १९६८ ला पद्मश्री आली. हा समझोता आम्हाला पटत नाही. तीन लाख माणसांना तुरुंगात नेणारी ताकद जिल्हा परिषदेच्या जागावाटपात खर्ची पडली. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले आणि अवघ्या काही महिन्यांत, १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली ती रिपब्लिकन पुढाऱ्यांवर संतापूनच. तरीही पँथरच्या जाहीरनाम्यातली भूमिहीनांची भाषा दादासाहेबांच्या लढ्यातून आलेली आहे, हे पँथरवाल्यांनीही नाकारू नये.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. काहींना पट्टे मिळाले, अनेकांचे पुरावेच धरले गेले नाहीत. २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०२२ ला उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. दरम्यान २००४ साली शासनाने भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना काढली. तिला नाव दिले कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे! म्हणजे खाजगी मालकाची जमीन विकत घेऊन द्यायला दादासाहेबांचे नाव, आणि ज्या गायरानासाठी ते तुरुंगात गेले तिथून उठवायला तहसीलदाराची सही. कचेरीच्या भिंतीवर त्या योजनेची माहिती चिकटवलेली दिसते. तिच्याखालीच पिशवीवाला आपला नंबर लागायची वाट पाहत बसलेला असतो.