आल्झायमर नावाचा माणूस

आल्झायमर हा शब्द मी प्रथम ऐकला तो तालुक्याच्या गावी, एका दवाखान्याच्या बाकावर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत काही लिहिले आणि वडिलांनी ती चिठ्ठी माझ्यापुढे धरली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे जगात जे जे काही लिहिलेले असेल ते मला वाचून कळलेच पाहिजे, अशी घरच्यांची ठाम समजूत आहे. मला वाचता आले, कळले नाही. एखाद्या गोळीचे नाव असावे असे वाटले. पुढे मानसशास्त्राच्या तासाला तोच शब्द पुन्हा कानावर पडला, आणि ते एका माणसाचे नाव आहे हे सरांनी सांगितले. मग ग्रंथालयात बसून मी त्या माणसाचा शोध घेतला. आजीच्या आजाराला ज्याचे नाव आहे तो गृहस्थ होता तरी कोण, एवढेच मला पाहायचे होते.

आलॉइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी, घर खाऊनपिऊन सुखी. बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्यूर्झबर्ग येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. विद्यार्थीदशेत त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तलवारीचे द्वंद्वही खेळले, आणि त्यातली एक खूण डाव्या गालावर जन्मभर वागवली. १८८७ साली ते डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध कशावर होता म्हणाल, तर कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! हे वाचून मला फार धीर आला. आमच्या वर्गात ट्युटोरियलला साधा विषय मिळाला की हिरमुसणारे पुष्कळ आहेत.

पुढल्या वर्षी, १८८८ साली, फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ते नोकरीला लागले. इमारत एखाद्या किल्ल्यासारखी भव्य होती, म्हणून लोक तिला वेड्यांचा वाडा म्हणत. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा खरा गाभा इथे आहे, जरी पाठ्यपुस्तके तो दोन ओळींत उरकतात. रुग्ण शेकडो आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाला हात बांधणारा अंगरखा चढवावा, नाहीतर खोलीत कोंडावे, हीच तेव्हा बऱ्याच ठिकाणची रीत. रुग्णाला न बांधता सांभाळता येते हे इंग्लंडमध्ये जॉन कोनोली यांनी १८३९ पासून हॅनवेलच्या रुग्णालयात करून दाखवले होते. पण एके ठिकाणी सिद्ध झालेली गोष्ट दुसरीकडे पोचायला किती वर्षे लागतात ते आपण जाणतोच. फ्रँकफर्टचे संचालक एमिल सिओली आणि तरुण आल्झायमर यांनी ती रीत मोडायला घेतली. १८८९ साली फ्रान्झ निस्सल त्यांना येऊन मिळाले. बांधण्याचे प्रकार कमी केले, रुग्णांना बागेत हिंडू दिले, अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसवण्याचा उपचार वाढवला, आणि कोठडीऐवजी मोठी दालने केली. तिथे परिचारक सतत डोळ्यांसमोर असत. आल्झायमर स्वतः रुग्णांशी बसून बोलत. दिवस रुग्णांमध्ये आणि संध्याकाळ सूक्ष्मदर्शकापुढे, निस्सलच्या सोबतीने, अशी त्या दोन मित्रांची वर्षे गेली.

१८९४ साली त्यांनी सेसिलिये गाइसेनहाइमर या श्रीमंत विधवेशी लग्न केले. तीन मुले झाली. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिलिये वारल्या. धाकटे मूल अगदी लहान होते. आल्झायमर यांची अविवाहित बहीण घर सांभाळायला आली आणि ते स्वतः कामात बुडून गेले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगुस्टे डेटर ही एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. काही महिन्यांपूर्वी तिने नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायला सुरुवात केली होती. मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू नको तिथे ठेवू लागली, अंथरूण ओढत घरभर फिरू लागली. इथे मी पुस्तक मिटून ठेवले. आमची आजीही वाकळ खांद्यावर टाकून सोप्यातून परसात आणि परसातून सोप्यात हिंडते, आणि चंचीतले पैसे सुनेने चोरले म्हणून आईला शिव्या देते. आई रात्री चुलीपुढे बसून रडते. आम्हा सर्वांना वाटे, म्हातारपणी स्वभाव बिघडला.

आल्झायमर ऑगुस्टेपुढे बसले आणि तिला एकेक वस्तू दाखवीत गेले : पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार. नावे तिने बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवले ते विचारले, तर काही आठवेना. पानात फुलकोबी आणि डुकराचे मांस असताना तिने पालक खात असल्याचे सांगितले. नाव लिहायला सांगितले, तर बाई या अर्थाचा पहिला शब्द लिहून ती थांबली, पुढचे विसरली. पुन्हा सांगावे, पुन्हा तेच. हे सगळे त्यांनी दिवसागणिक, तिच्याच शब्दांत लिहून ठेवले. वेडसर बाईचे बोलणे टिपून ठेवण्याजोगे असते, असे किती डॉक्टरांना तेव्हा वाटत असेल?

ती बरी झाली नाही. १९०३ साली आल्झायमर आधी हायडेलबर्ग आणि नंतर म्युनिकला, एमिल क्रेपेलीन यांच्याकडे गेले, तरी तिची चौकशी करत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. शेवटी ती हातपाय पोटाशी घेऊन पडून असे आणि पाठीला शय्याव्रण झाले होते. म्हणजे चांगल्या रुग्णालयातही त्या बाईचे हाल टळले नाहीत, हेही सांगायला हवे. तिचा मेंदू आणि कागद म्युनिकला मागवून आल्झायमर यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवलेले पातळ काप तपासले. मेंदू आक्रसलेला होता, पेशींमध्ये तंतूंचे गुंते होते आणि पेशींबाहेर जागोजाग साके बसलेले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली क्रेपेलीन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला आल्झायमर यांचे नाव दिले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

म्युनिकच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे विद्यार्थी होते. आल्झायमर प्रत्येकाशेजारी बसून त्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहत, समजावत, आणि हातातला सिगार तिथेच विसरून पुढच्याकडे जात. संध्याकाळी प्रत्येक मेजावर एकेक थोटूक सापडे, असे सांगतात. विस्मरणाच्या डॉक्टरांचे हे विस्मरण! १९१२ साली ब्रेस्लाऊ येथे ते प्राध्यापक झाले, पण तिकडे जातानाच आजारी पडले. हृदय आणि मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. तेही एक्कावन्न वर्षांचे होते. फ्रँकफर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरले.

त्या आजारावर अजूनही उतारा सापडलेला नाही. पण ऑगुस्टेचे हरवलेले कागद १९९५ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात सापडले, आणि तिचे ते अर्धे राहिलेले नाव त्यात आहे.

आता माझे सांगते. गेल्या उन्हाळ्यात आजी दुपारी घराबाहेर पडून ओढ्यापर्यंत गेली होती. तेव्हापासून आम्ही रानात जाताना बाहेरून कडी घालत होतो. ती आतून दार बडवी आणि शेजारी ऐकत. कडी घालणारी बहुधा मीच, कारण मी सुट्टीला घरी असे आणि मला अभ्यास करायचा असे. फ्रँकफर्टचे वाचून झाल्यावर मी दिवाळीला घरी गेले आणि वडिलांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी माळ्यावरून जुन्या बैलाची घाट काढली आणि दाराला बांधली. आता दार हलले की घाट वाजते, आणि घरात असेल तो उठून आजीबरोबर ओढ्यापर्यंत जाऊन येतो. रानात जायचे असेल तर एकाने मागे थांबायचे, असे ठरले आहे. पाळी लावली आहे. मंगळवार आणि शनिवार माझा धाकटा भाऊ कुरकुरतो.