हिशेबनीस लेपके

अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीच्या बड्या म्होरक्यांपैकी सरकारने रीतसर खटला चालवून देहदंड दिला तो एकालाच. त्याचे नाव लुई बुखाल्टर. अल कपोन करचुकवेगिरीत अडकला, लकी लुचियानोची देशाबाहेर रवानगी झाली, कित्येक जण आपल्याच माणसांच्या गोळ्यांना बळी पडले. बुखाल्टरचा शेवट मात्र ४ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात, विजेच्या खुर्चीत झाला. बुखाल्टर या आडनावाचा अर्थ हिशेबनीस. माणसाला इतके शोभणारे आडनाव क्वचितच मिळते.

१८९७ साली मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात तो जन्मला. आई यिडिश भाषेत त्याला लाडाने लेपकेले, म्हणजे छोटा लुई म्हणे. त्याचेच पुढे लेपके झाले. वडील तो लहान असतानाच वारले. भावंडे शिकून आपापल्या व्यवसायांत स्थिरावली. हा एकटाच चोऱ्यांच्या वाटेला लागला आणि पंचविशीपर्यंत तुरुंगाच्या फेऱ्या करून मोकळा झाला.

त्या काळी तयार कपड्यांचा धंदा हा न्यूयॉर्कचा एक कणा होता. संप झाला की मालक संपकऱ्यांना बडवण्यासाठी गुंड भाड्याने आणीत, आणि युनियनही संरक्षणासाठी तसेच गुंड पोशीत. जेकब ऑर्गन या म्होरक्याच्या हाताखाली लेपके आणि त्याचा जोडीदार जेकब शापिरो हेच काम करीत. ऑक्टोबर १९२७ मध्ये ऑर्गन भर रस्त्यात मारला गेला आणि धंदा या दोघांच्या हाती आला. लेपकेची बुद्धी इथे दिसते. एकेका संपाची मजुरी घेत बसण्यात त्याला स्वारस्य नव्हते. कापड बेतून कापणारे कारागीर संख्येने थोडे, पण ते थांबले की शिवणयंत्रे थांबतात. अर्धवट माल एका कारखान्यातून दुसऱ्यात नेणारे ट्रक थांबले की सगळा हंगाम बुडतो. या दोन जागा ताब्यात आल्या की मालक आणि कामगार दोघेही मुठीत येतात, हे त्याने ओळखले. पुढे हीच रीत त्याने बेकरीच्या धंद्याला लावली. शिळा पाव कोणी घेत नाही, त्यामुळे बेकरीवाल्याला एका दिवसाचाही खोळंबा परवडत नसे. हे सारे करणारा माणूस बोलण्यात सौम्य, पोशाखात नीटनेटका होता.

या खंडणीच्या मागे धाक हवा होता, आणि तो ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातून पुरवला जाई. तिथे उन्नत रेल्वेमार्गाखालच्या एका कोपऱ्यावर रात्रंदिवस उघडे असणारे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते. एब रेलेस, हॅरी स्ट्रॉस, हॅरी मायोने यांच्यासारखे तरुण तिथे कामाची वाट पाहत. या टोळीला वृत्तपत्रांनी पुढे मर्डर इनकॉर्पोरेटेड, म्हणजे खुनांची नोंदणीकृत कंपनी, असे नाव दिले. लेपके आणि अल्बर्ट अनास्तासिया हे तिचे सूत्रधार. मारेकऱ्यांना नियमित पगार असे. आपल्याकडे गुन्हेगार ज्याला सुपारी म्हणतात, त्याला ते काँट्रॅक्ट म्हणत. (वाजंत्र्यांना वा तमाशाच्या फडाला कबूल करताना द्यायची सुपारी या धंद्यात ओढली गेली, हे त्या बिचाऱ्या शब्दाचे दुर्दैव.)

युक्ती अशी की मारणाऱ्याचा आणि मरणाऱ्याचा काही संबंधच नसे. पोलीस हेतू शोधत, आणि मारेकऱ्याला हेतूच नसे. गाडी चोरीची, तिच्यावरची नंबरपाटी दुसऱ्याच गाडीची, आदेश तोंडी. त्यात न्यूयॉर्कचा कायदा असा की गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुराव्याचा आधार नसेल, तर त्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवता येत नाही. लेपकेची सारी भिस्त या अंतरावर होती. टोळीने किती माणसे मारली याचे आकडे शेकड्यांपासून हजारापर्यंत छापले जातात. न्यायालयात सिद्ध झाले ते मोजकेच.

त्या मोजक्यांपैकी एक जोसेफ रोझेन. हा कोणी गुंड नव्हता. कपड्यांच्या मालाची वाहतूक करून पोट भरणारा हा माणूस लेपकेच्या डावपेचांत धंद्याला मुकला आणि ब्राउन्सव्हिलमध्ये छोटे दुकान काढून बसला. विशेष सरकारी वकील थॉमस ड्यूई यांच्याकडे जाण्याची भाषा तो करू लागला. १३ सप्टेंबर १९३६ च्या सकाळी त्याच्या दुकानातच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. योगायोग असा की वर्षभरापूर्वी याच ड्यूईंना मारू पाहणाऱ्या डच शुल्ट्झचा काटा टोळीप्रमुखांनीच काढला होता. सरकारी वकिलाच्या खुनाने सगळेच गोत्यात येतील, अशी त्यांना धास्ती होती. हे काम ज्यांनी केले त्यांत लेपकेचा माणूस मेंडी वाइस होता.

१९३७ मध्ये लेपके फरारी झाला आणि दोन वर्षे ब्रुकलिनमध्येच दडून राहिला. आपल्याविरुद्ध बोलू शकेल अशा प्रत्येकाला संपवायचे त्याने ठरवले. त्याचा हिशेब चुकला तो इथे. मॅक्स रुबिन या जुन्या सहकाऱ्याला गोळी लागली, पण तो वाचला. जुलै १९३९ मध्ये तर मारेकऱ्यांनी चेहरा ओळखण्यात चूक करून संगीत प्रकाशन संस्थेतील एका निरपराध अधिकाऱ्याला ठार केले. जे एरवी गप्प राहिले असते, तेही जिवाच्या भीतीने सरकारच्या आसऱ्याला जाऊ लागले.

२४ ऑगस्ट १९३९ रोजी पत्रकार वॉल्टर विंचेल यांच्या मध्यस्थीने लेपके एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांच्या स्वाधीन झाला. केंद्र सरकारशी समझोता झाला आहे, राज्य सरकारच्या हाती आपल्याला देणार नाहीत, असे त्याला सांगण्यात आले होते. असा समझोता नव्हताच. आधी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात १४ वर्षांची शिक्षा झाली, मग खंडणीच्या खटल्यात आणखी मोठी.

१९४० मध्ये रेलेस माफीचा साक्षीदार झाला आणि ब्राउन्सव्हिलचे सारे दप्तर त्याने मुखोद्गत सांगितले. त्याच्या साक्षीने जुने सोबती फासात अडकत गेले. १२ नोव्हेंबर १९४१ च्या पहाटे, कोनी आयलंडच्या हाफ मून हॉटेलात पोलिसांच्या कडक पहाऱ्यात असतानाच तो खिडकीतून खाली पडून मेला. रोझेनचा खटला तरीही उभा राहिला. रोझेनबद्दल लेपके संतापून बोलला होता ते ॲली टॅनेनबॉमने ऐकले होते, आणि रुबिन तर त्या प्रकरणात आरंभापासून होता. या दोघांच्या साक्षी निर्णायक ठरल्या. वाइस आणि लुई कपोन (अल कपोनशी याचे नाते नाही) यांच्यासह लेपके दोषी ठरला.

अपिले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. आता गव्हर्नर असलेल्या ड्यूईंनी अखेरच्या क्षणी दोन दिवसांची स्थगिती दिली, तेव्हा लेपके राजकारण्यांची नावे सांगणार अशी कुजबुज वृत्तपत्रांत झाली. तसे काही घडले नाही. तिघांपैकी खुर्चीकडे शेवटी नेण्यात आले ते लेपकेला.

रेलेसच्या मृत्यूची चौकशी १९५१ मध्ये पुन्हा झाली आणि पळून जाण्याच्या प्रयत्नात तो पडला, असा निष्कर्ष निघाला. ब्रुकलिनमध्ये यावर फारशा लोकांचा विश्वास बसला नाही. ज्याच्याविरुद्ध रेलेस हाच मुख्य साक्षीदार होता, त्या अनास्तासियावर खटला उभाच राहिला नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये मॅनहॅटनमधील एका हॉटेलात, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना, दोन अनोळखी माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.