छात्रालयातला केर

पांडुरंग सदाशिव साने असे पूर्ण नाव घेतले, तर आपल्या वर्गातले चार-दोन जण ओळखतील. साने गुरुजी म्हटले की सगळेच. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ साली आई वारली. एम. ए. होऊन १९२४ मध्ये ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील सहा वर्षांविषयीच मला लिहायचे आहे.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी गुरुजींकडे आली. मुले खेड्यापाड्यांतली, वयाने लहान, घरी आईच्या हातचे सगळे आयते मिळालेली. अंथरुणे तशीच पडलेली, कपडे लोळत, खोलीत केर. दुसरा एखादा रेक्टर असता तर त्याने नियमांचा कागद भिंतीला डकवला असता. गुरुजींनी झाडू हातात घेतला. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, मळके कपडे धुऊन त्यांच्या घड्या घालून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करीत. बोलत मात्र काहीच नसत. मुले परत येत ती आवरलेल्या खोलीत. हे कोण करते ते कळल्यावर त्यांना शरम वाटू लागली आणि हळूहळू ती आपली कामे आपणच करू लागली.

यात मला एक गंमत वाटते. गुरुजींची स्वतःची आई अशी नव्हती. 'श्यामची आई' मध्ये पत्रावळीचा प्रसंग आहे. श्याम पत्रावळ लावायला शिकेना, तेव्हा ज्याने त्याने आपली पत्रावळ आपणच लावायची, असा तिने हट्ट धरला. श्याम रुसला, पण शिकला. आई अडून बसली. मुलगा मोठा होऊन शिक्षक झाला, तो मात्र अडून बसला नाही. तिने मुलाकडून काम करवून घेतले, याने मुलांचे काम स्वतःच केले.

मग वाटते, गुरुजींची रीत खरी असेल तर आमच्या घरी ती का लागू पडत नाही? माझी आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून येते आणि माझ्या धाकट्या भावाचे अंथरूण, कपडे, ताट सारे न बोलता उचलते. तिला नाही जमले तर मी उचलते. भावाला शरम वाटत नाही. मला याचे कारण असे दिसते की, अमळनेरच्या मुलांनी जे पाहिले ते त्यांनी कधीच पाहिले नव्हते. एम. ए. झालेला पुरुष, वर्गात ज्याच्यासमोर उभे राहायचे तो मास्तर, खाली वाकून आपला केर काढतो! आईचे वाकणे रोजचेच. ते कुणाला दिसत नाही. गुरुजींचा मोठेपणा मी कमी करीत नाही. पण जे काम त्यांनी केल्यावर मुले जागी झाली, तेच काम त्या मुलांच्या आया जन्मभर करीत होत्या.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडून कायदेभंगात उडी घेतली. पुढे तुरुंग झाले; १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले, १९४८ साली 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि ११ जून १९५० रोजी गेले. त्यांनी स्वतःचा संसार मांडला नाही.

छात्रालयाची ही हकीकत मी भावाला सांगितली. तो नववीत आहे. ऐकून घेतले, काही बोलला नाही. अंथरुणाची घडी आता तो स्वतः घालतो. ताट मात्र अजून जागेवरच असते.