ब्राउन-सेकार : स्वतःवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ

चार्ल्स एद्वार ब्राउन-सेकार यांचा जन्म १८१७ साली मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे झाला. दर्यावर्दी वडील जन्मापूर्वीच गेले; आईने कष्टाने वाढविले. वडिलांच्या आडनावाला आईचे आडनाव जोडूनच ते जगाला परिचित झाले. मूत्रपिंडावरील ग्रंथी काढल्यास प्राणी जगत नाही, हे त्यांनी १८५६ साली दाखविले. १८७८ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांच्या जागी ते प्राध्यापक झाले.

१८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि गेलेली शक्ती परतल्याचे जाहीर केले. कोणी थट्टा केली, कोणी त्या अर्काचा धंदा मांडला. वास्तविक पुरुषसंप्रेरक पाण्यात फारसे विरघळत नाही; तो अनुभव बहुधा मनाचाच खेळ होता. १८९४ साली त्यांचे निधन झाले.

तथापि ग्रंथींचे स्राव रक्तावाटे शरीरावर अंमल चालवितात, हा त्यांचा विचार खरा ठरला. १९३५ साली टेस्टोस्टेरोन शुद्ध रूपात मिळाले. ते रक्तातून वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण जनुकांतील फरकांमुळेही माणसागणिक बदलते. ज्या पुरुषांत ते कमी, त्यांच्यात मधुमेह अधिक आढळतो, हे आज ज्ञात आहे.

आपल्या प्रयोगाचा एकमेव साक्षीदार आपणच असू नये, हा धडा विद्यार्थ्यांनी या थोर पुरुषाच्या चुकीतून जरूर घ्यावा.