जेम्स पार्किन्सन: आजाराच्या नावामागचे डॉक्टर

तुमच्या घरातल्या कुणाच्या फाइलवर ‘पार्किन्सन’ लिहिलेले असेल, तर ते एका डॉक्टरांचे आडनाव आहे. जेम्स पार्किन्सन १७५५ साली लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मले आणि वडिलांप्रमाणे तिथेच रुग्ण तपासत राहिले. जीवाश्मांचा त्यांना मोठा नाद होता. सरकारवर टीका करणारी पत्रके ते टोपणनावाने लिहीत.

१८१७ साली त्यांनी या कंपवातावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात रुग्ण अवघे सहा, त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! तरीही स्वस्थ ठेवलेला हात थरथरणे, पुढे वाकणे, चालता चालता पावले आपोआप भरभर पडणे, हे सगळे त्यांनी अचूक टिपले. आजही निदान मुख्यतः असे पाहून आणि तपासूनच होते. म्हणून घरी काढलेला चालण्याचा व्हिडिओ डॉक्टरांना जरूर दाखवा.

कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही. दोष मज्जारज्जूच्या वरच्या भागात असावा, असा त्यांचा अंदाज होता. १८२४ साली ते वारले. पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी यात नष्ट होतात आणि हालचालींवरचा ताबा सुटतो. रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे १९६० साली व्हिएन्नात दिसले. लेव्होडोपाची गोळी हीच उणीव भरून काढते.

पार्किन्सन यांचे आणखी एक मत पुढे बदलावे लागले. या आजारात बुद्धी शाबूत राहते, असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात काही रुग्णांना उदासी, भास किंवा विसरभोळेपणा जाणवतो. ‘वयामुळे असेल’ म्हणून गप्प बसू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.