ख्वाजा महमूद गावान

बेळगावच्या किल्ल्याचा इतिहास सांगताना रट्टांपासून इंग्रजांपर्यंत अनेकांची नावे घेतली जातात. त्यांत बहामनी वजीर ख्वाजा महमूद गावान याचा उल्लेख बहुधा ओझरताच येतो. वस्तुतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहामनी आणि विजयनगर या दोन शेजारी सत्तांमध्ये दक्षिणेच्या नेतृत्वासाठी जी चढाओढ चालली होती, तिचे मर्म त्याच्याइतके अचूक क्वचितच कोणी ओळखले असेल.

कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतात १४११ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. घराणे वजिरांचे, परंतु दरबारातील कारस्थानांमुळे त्याने मायदेश सोडला व व्यापार पत्करला. चाळिशी उलटल्यावर, १४५३ साली, तो दाभोळ बंदरात उतरला आणि घाट चढून बीदरला आला. सुलतान अलाउद्दीन अहमद याने त्याला दरबारी ठेवून घेतले. पुढे हुमायून सुलतानाने त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा किताब दिला. मोठ्या सरदारालाही हा किताब भूषणास्पद वाटे, यावरून त्या राज्यातील व्यापाराचे महत्त्व ध्यानी यावे.

कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबासाठी झालेली युद्धे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण या वैराला आणखी एक बाजू होती, ती घोड्यांची. दख्खनच्या हवेत उत्तम लढाऊ घोड्यांची पैदास होत नसे आणि बाहेरून आणलेली जनावरे फार काळ टिकत नसत. त्यामुळे अरबस्तान व इराणहून दरवर्षी नवे घोडे आणावे लागत. विजयनगरला ते गोवा, होनावर, भटकळ या बंदरांतून मिळत, तर बहामनी राज्याला चौल आणि दाभोळमधून. अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी याच काळात एकच घोडा घेऊन चौलला उतरला. तोही जुन्नरच्या सुभेदाराने काही काळ अडकवून ठेवला. एका परदेशी फिरस्त्याच्या एकुलत्या घोड्यावर सुभेदाराची नजर जावी, इतके त्या जनावराचे मोल होते.

हुमायूनच्या मृत्यूनंतर १४६१ साली बालसुलतान गादीवर आला. राजमाता आणि दोन वजीर कारभार पाहू लागले. त्यांतला एक गावान होता. अशा वेळी शेजारी स्वस्थ बसत नाहीत. ओडिशाची फौज बीदरच्या दिशेने चालून आली, आणि १४६२ मध्ये माळव्याच्या महमूद खलजीने बीदर शहरच घेतले. गावानने गुजरातच्या महमूद बेगड्याला साद घातली. माळवा व गुजरात यांचे वैर जुने होते. गुजरातची सेना सरहद्दीवर येताच खलजीला परतावे लागले. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी स्नेह राखण्याचे हे धोरण ख्वाजाने शेवटपर्यंत सोडले नाही.

तिसऱ्या मुहम्मदशहाच्या कारकिर्दीत मुख्य वजीर झाल्यावर त्याने कोकणाकडे लक्ष वळविले. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजे समुद्रावर व्यापाऱ्यांची जहाजे लुटीत. याच जंगलांत पूर्वी एक बहामनी सेनानी सैन्यासह कापला गेला होता. ख्वाजाने घाई केली नाही. रान तोडीत तो पुढे सरके, पावसाळ्यात कोल्हापूरकडे मागे येऊन छावणी करी. किल्ले काही लढून, काही द्रव्य देऊन हाती आले. १४६९ पासून १४७२ पर्यंत ही मोहीम चालली आणि तिच्या अखेरीस गोवा पडला. विजयनगरचे घोड्यांचे उत्तम बंदर आणि त्याबरोबर जकातीचे उत्पन्नही गेले.

विरूपाक्षरायाला हे सोसणे शक्य नव्हते. त्याच्या चिथावणीने बेळगावच्या राजाने गोव्याकडे हात पसरले. सुलतान स्वतः ख्वाजासह बेळगावावर आला. खोल खंदकाने वेढलेल्या या किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग लावून दारूने खिंडारे पाडण्यात आली. दख्खनमधील दारूच्या अशा वापराच्या आरंभीच्या प्रसंगांत याची गणना होते. किल्ला व प्रदेश ख्वाजाच्या जहागिरीत आला. घाटावरचे हे ठाणे हाती नसते, तर गोवा राखणे दुष्कर झाले असते, असे नकाशा पाहताच कोणालाही पटेल.

बाहेर यश मिळत असताना घरातील दुही मात्र वाढत होती. दख्खनी आणि इराण-तुराणाहून आलेले आफाकी असे सरदारांचे दोन तट होते. ख्वाजाने पदे वाटताना समतोल राखण्याचा प्रयत्न केला. पण तो स्वतः आफाकी होता आणि हे दख्खनी सरदार विसरले नाहीत. त्याने चार तरफांच्या आठ केल्या: वऱ्हाडातून गाविल व माहूर, दौलताबादेतून जुन्नर, गुलबर्ग्यातून विजापूर, तेलंगणातून राजमहेंद्री वेगळी काढली. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमीन मोजविली आणि फौजेची हजेरी कमी भरली तर तेवढा पैसा परत घेण्याचा नियम केला. राज्याच्या दृष्टीने हे आवश्यकच होते, तरी त्यात ज्याचे उत्पन्न बुडाले नाही असा सरदार विरळाच.

१४८१ च्या एप्रिलमध्ये आंध्रातील कोंडपल्लीच्या छावणीत त्याचा शेवट झाला. ख्वाजाची मोहोर असलेल्या कोऱ्या कागदावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र विरोधकांनी लिहिले व मद्यधुंद सुलतानापुढे ठेवले. मोहोर माझी, मजकूर माझा नव्हे, असे ख्वाजा सांगत राहिला. सुलतानाने चौकशी न करता सत्तरीतल्या वजिराचा शिरच्छेद करविला. मागाहून खजिना तपासला तेव्हा अगदी थोडे द्रव्य सापडले. ख्वाजा स्वतःचा खर्च व्यापाराच्या भांडवलातून चालवी आणि जहागिरीचे उत्पन्न सैन्य व दानधर्म यांत संपे. पस्तावलेला सुलतान वर्षभरातच वारला.

ख्वाजाची खरी संपत्ती म्हणजे ग्रंथ. १४७२ साली त्याने बीदरला बांधलेल्या तीन मजली मदरशात तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह होता, असे सांगतात. जामीसारख्या कवीशी आणि तुर्की सुलतानाशी त्याचा पत्रव्यवहार असे. त्याच्या पत्रांचा संग्रह रियाझ-उल्-इन्शा या नावाने प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. एक मनोरा आणि त्यावरचे निळे-हिरवे चिनी कवड्यांचे काम उरले आहे.

त्याच्या मृत्यूनंतर तरफदारांनी आपापली राज्ये थाटली. विजापूरचा यूसुफ आदिलखान हा त्याच्याच आश्रयात वाढलेला. गोवा त्याच्या वाट्याला गेला. १५१० साली ते पोर्तुगीजांनी घेतले, आणि त्यानंतर विजापूर व विजयनगर या दोघांचेही वकील घोड्यांसाठी तेथील गव्हर्नराकडे खेपा घालू लागले.